पगार अधिक कमिशन: अमेरिकेतला तुमचा ओव्हरटाइम कुठे बुडतो

अमेरिकेत दुकानात, शोरूममध्ये किंवा फोनवर विक्रीचे काम करता, पगार अधिक कमिशन घेता आणि आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त राबता? मग ‘तुम्ही कमिशनवर आहात, तुम्हाला ओव्हरटाइम लागू नाही’ हे वाक्य तुमच्या कानावर पडलेच असेल. मॅनेजर सांगतो, एचआर सांगते, कधी नोकरी लावून देणारा आपलाच माणूस सांगतो. काही ठिकाणी ते खरे असते, पुष्कळ ठिकाणी नसते. तुमच्या बाबतीत काय आहे हे ताडून बघायला पहिल्याच दिवशी वकील लागत नाही. मागच्या तीन महिन्यांच्या पे-स्टब, कॅल्क्युलेटर आणि तासभर वेळ एवढे घेऊन बसा.

मूळ नियम एका ओळीचा आहे. १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट सांगतो की आठवड्यात ४० तासांच्या वर काम केले, तर वरच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दीडपट पैसे द्यायचे. यातून काही कामांना वगळले आहे. त्या वगळण्याला ‘एक्झेम्प्ट’ म्हणतात आणि तिथेच लोक फसतात. ही सूट तुम्हाला मिळालेली नसते, मालकाला मिळालेली असते, दीडपट न देण्याची. त्यामुळे ‘हा माणूस एक्झेम्प्ट आहे’ हे दाखवून देण्याची जबाबदारीही मालकाचीच. १५ जानेवारी २०२५ रोजी ई.एम.डी. सेल्स या कंपनीच्या विक्रेत्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढेच ठरवले की मालकाचा पुरावा साध्या दिवाणी दाव्याइतका असला तरी चालेल, जास्त भक्कम लागत नाही. निकाल मालकांना सोयीचा झाला, पण जबाबदारी त्यांच्यावरून हटली नाही.

व्हिजिटिंग कार्डावर ‘सेल्स मॅनेजर’ छापले, ऑफर लेटरमध्ये ‘सॅलरीड एक्झेम्प्ट’ लिहिले, ‘मला ओव्हरटाइम नको’ असे तुमच्याकडून सही करून घेतले, तरी यातल्या कशानेही सूट मिळत नाही. ओव्हरटाइमचा हक्क सही करून सोडता येत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता, कुठे बसून करता आणि पैसे कसे मिळतात, एवढेच बघितले जाते.

आधी तुमचे काम कोणत्या प्रकारात बसते ते पाहा

गाडी घेऊन गिऱ्हाइकांच्या दारी जात असाल, तर ‘आउटसाइड सेल्स’. यात पगार किती याला महत्त्व नाही, तासही मोजले जात नाहीत. अट अशी की मुख्य काम विक्रीचे किंवा ऑर्डर मिळवण्याचे हवे आणि ते नेहमी मालकाच्या जागेबाहेर व्हायला हवे. भारतात एमआर म्हणून काम करून इकडे औषध कंपनीत लागलेल्यांनी २०१२ चा ख्रिस्तोफर विरुद्ध स्मिथक्लाइन बीचम हा निकाल लक्षात ठेवावा. डॉक्टरांना भेटणारे प्रतिनिधी स्वतः काहीच विकत नाहीत, तरी ते आउटसाइड सेल्समध्येच बसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तिथे फेडरल कायद्याने ओव्हरटाइमची आशा नाही.

पण घरी बसून फोनवर, झूमवर, ईमेलवर विकत असाल, तर ते आउटसाइड नाही. घरातली ती खोली कायद्याच्या दृष्टीने मालकाची जागाच. करोनाच्या काळात ऑफिस बंद झाले, तेव्हापासून ‘तू आता आउटसाइड सेल्समध्ये’ असे ज्यांना सांगितले गेले, त्यांनी आपले कागद पुन्हा बघावेत.

गाड्यांच्या डीलरकडे असाल, तर निराळे कलम आहे. गाड्या, ट्रक आणि शेतीची यंत्रे विकणाऱ्या डीलरकडचे सेल्समन, सुटे भाग देणारे आणि मेकॅनिक यांना फेडरल ओव्हरटाइम नाही. सर्व्हिस काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरही यातच येतो, असे २०१८ मध्ये एन्सिनो मोटरकार्स खटल्यात ठरले. कमिशन किती हा प्रश्न इथे येतच नाही. मात्र किमान वेतन द्यावेच लागते. विक्री न होता आठवडा गेला तरी जेवढे तास तिथे उभे राहिलात तेवढ्यांचे किमान वेतन तुमचे आहे.

‘तू एक्झिक्युटिव्ह आहेस, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह आहेस’ असे सांगत असतील, तर दोन गोष्टी तपासा. पहिली, आठवड्याला किमान ६८४ डॉलर ठरलेला पगार आहे का. ही मर्यादा वाढवणारा २०२४ चा नियम टेक्सासच्या न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केला, म्हणून आकडा जुनाच आहे. दुसरी, तुमच्या हाताखाली खरोखर माणसे आहेत का, किंवा धंद्याच्या कारभारात तुमचा शब्द चालतो का. दिवसभर काउंटरवर माल विकणाऱ्याचे मुख्य काम विक्रीच. त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह म्हणणे सहसा टिकत नाही.

यातले काहीच लागू नसेल, तर मालकाकडे उरते फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टचे कलम ७(आय). पगार अधिक कमिशनवाल्यांचा खरा प्रश्न इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कलम ७(आय): तीन अटी, तिन्ही एकाच वेळी

पहिली अट दुकानाची. धंदा किरकोळ विक्रीचा किंवा सेवेचा हवा. वर्षाच्या विक्रीपैकी किमान ७५ टक्के माल किंवा सेवा पुन्हा विकण्यासाठी गेलेली नसावी आणि तो व्यवहार त्या धंद्यात किरकोळ म्हणून ओळखला जात असावा. फर्निचर, दागिने, मोबाइल, गाद्या, उपकरणे यांची दुकाने सहसा यात बसतात. दुकानदारांना माल पुरवणारा ठोक व्यापारी बसत नाही. कोणते धंदे किरकोळ आणि कोणते नाहीत याच्या लांबलचक याद्या कामगार खात्याने अनेक दशके ठेवल्या होत्या. मे २०२० मध्ये त्या काढून टाकल्या. आता प्रत्येक धंद्याचा विचार स्वतंत्रपणे होतो. इंटरनेटवर जुनी यादी दाखवून कुणी ‘आपला धंदा यात नाही’ किंवा ‘आहे’ म्हणाले, तर त्यावर विसंबू नका.

दुसरी अट दराची, आणि ती प्रत्येक आठवड्याला तपासायची. त्या आठवड्याची एकूण कमाई भागिले एकूण तास. हा दर फेडरल किमान वेतनाच्या दीडपटीहून जास्त हवा. फेडरल किमान वेतन जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकले आहे, म्हणून दीडपट १०.८७५. पन्नास तासांच्या आठवड्यात कमाई ५४३.७५ डॉलरच्या वर गेली नाही, तर त्या आठवड्यापुरती सूट नाही, पुढचा आठवडा कितीही चांगला गेला तरी. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात विक्री भरपूर होते आणि जानेवारीत दुकान ओस पडते. जानेवारीतले लांब आठवडे वेगळे काढून बघा.

तिसरी अट निम्म्याची, आणि बहुतेक मालक हिलाच ठेच खातात. एकूण कमाईतली निम्म्याहून जास्त रक्कम कमिशनची हवी. हे आठवड्यावर नाही, तर आधी ठरवलेल्या कालावधीवर मोजतात. तो कालावधी किमान एक महिन्याचा आणि जास्तीत जास्त एक वर्षाचा. समजा तीन महिन्यांत तुम्हाला पगाराचे ६,५०० आणि कमिशनचे ६,००० डॉलर मिळाले. कमिशन निम्म्याहून कमी, सूट नाही, सगळे जादा तास दीडपटीने. कमिशन ७,००० असते, तर ही अट पूर्ण झाली असती. हजार डॉलरचा फरक आणि उत्तर उलटे. म्हणून ‘पगार अधिक कमिशन’ एवढे ऐकून कुणीही तुम्हाला हो किंवा नाही सांगू शकत नाही. पगार मोठा आणि कमिशन नावापुरते असेल, तर ओव्हरटाइम तुमचा आहे.

कमिशन कशाला म्हणायचे, यातही खाचखळगे आहेत. मालकाच्या मर्जीने दिलेला दिवाळीचा किंवा ख्रिसमसचा बोनस कमिशन नाही. गिऱ्हाइकाने दिलेली टिपही नाही. आणि ‘ड्रॉ’ नीट बघा. ड्रॉ म्हणजे पुढच्या कमिशनपोटी मिळणारी ठरावीक उचल. महिन्याला ३,००० ची उचल मिळते, कागदावर ती ‘कमिशन’ म्हणून लागते, पण हिशेबाने निघणारे कमिशन तीन हजारांपर्यंत पोचतच नाही, असे महिनोन् महिने चालले असेल, तर ते खरे कमिशन धरले जात नाही. तो नाव बदललेला पगार आहे, आणि तो पगार धरला की निम्म्याची अट बहुधा मोडते. पे-स्टबवर दर महिन्याला तोच गोल आकडा दिसत असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

मालकाने या कलमाचा आधार घेतला असेल, तर तशी नोंद ठेवणे त्याला बंधनकारक आहे: कोणते कर्मचारी या कलमाखाली, कमिशनचा करार काय, कोणता कालावधी निवडला. एचआरला साध्या ईमेलने विचारा: ‘मला कोणत्या कलमाखाली एक्झेम्प्ट धरले आहे आणि कालावधी कोणता?’ उत्तर आले तर कागद हाती आला. नाही आले, तर तुम्ही विचारल्याची तारीख नोंदली गेली.

सूट नसेल तर किती मिळायला हवे

इथे ऑफर लेटरमधली एक ओळ फार पैसे खाते. समजा आठवड्याचा पगार ६०० डॉलर, त्या आठवड्याचे कमिशन २०० आणि काम ५० तास.

करारात पगार ‘४० तासांचा’ असेल, तर पगाराचा दर तासाला १५. दहा जादा तासांचे दीडपटीने २२५. कमिशनचाही हिशेब करायचा: २०० भागिले ५० म्हणजे तासाला ४, त्याचा अर्धा भाग २, गुणिले दहा, म्हणजे आणखी २०. एकूण १,०४५ डॉलर.

करारात पगार ‘लागतील तेवढ्या सगळ्या तासांचा’ असेल, तर ८०० भागिले ५० म्हणजे १६, त्याचे अर्धे ८, गुणिले दहा. ओव्हरटाइम फक्त ८०, एकूण ८८०.

माणूस तोच, आठवडा तोच, आणि फरक १६५ डॉलरचा. शिवाय तुमच्या हाती प्रत्यक्षात ८०० च आले असतील, तर दोन्ही हिशेबांनी मालक देणे लागतो. दुसरा हिशेब लावायला दोघांमध्ये तसे स्पष्ट ठरलेले असावे लागते. तोंडी ‘वेळ पुढे-मागे होते’ एवढ्याने भागत नाही. आणि कॅलिफोर्नियात हा दुसरा हिशेब चालतच नाही. तिथे ओव्हरटाइमला पात्र माणसाचा पगार कायद्यानेच ४० तासांचा धरला जातो. ऑफर लेटरवर सही करण्याआधी ही ओळ शोधा आणि ‘४० तासांसाठी’ असे लिहून मागा. मागायला काही खर्च येत नाही.

ओव्हरटाइम देणारे मालकही एक गोष्ट हमखास विसरतात: कमिशनचा ओव्हरटाइममधला वाटा. पगारावर दीडपट देतात, महिन्याअखेरीस येणारे कमिशन बाजूला ठेवतात. नियम तसा नाही. कमिशन उशिरा आले, तरी मागच्या आठवड्यांत वाटून फरक द्यावा लागतो. प्रत्येक आठवड्याचे कमिशन वेगळे काढता येत नसेल, तर महिन्याचे कमिशन गुणिले १२ भागिले ५२ करा. महिन्याला ७८० डॉलर कमिशन म्हणजे आठवड्याला १८०. पन्नास तासांच्या आठवड्यात तासाला ३.६०, त्याचे अर्धे १.८०, गुणिले दहा. आठवड्याला अठरा डॉलर. वर्षभर असेच चालले, तर ९३६ डॉलर. एकट्या माणसासाठी भांडण करावे इतकी ही रक्कम वाटत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षे कुणी मागत नाही.

तास कुठे गळतात

दोन आठवड्यांची सरासरी चालत नाही. एका आठवड्यात ३० तास, पुढच्यात ५० तास आणि ‘सरासरी चाळीसच झाली’ हे उत्तर चुकीचे आहे. पन्नासच्या आठवड्याचे दहा तास दीडपटीने. जादा तासांच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात सुट्टी, हेही खासगी मालकाला करता येत नाही. दुकान उघडण्याआधी अलार्म काढणे, शटर वर करणे, गल्ला मोजणे, बंद झाल्यावर हिशेब जुळवणे, ऑनलाइन ट्रेनिंग, रविवारची सक्तीची मीटिंग, हे सगळे कामाचे तास. रोज पंधरा मिनिटे आधी आणि पंधरा मिनिटे नंतर धरली, तर पाच दिवसांत अडीच तास होतात. एकाच मालकाची दोन दुकाने असतील आणि तुम्ही दोन्हीकडे उभे राहत असाल, तर तास बहुधा एकत्र मोजले जातात, पे-चेक दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने आले तरी.

कापल्या जाणाऱ्या पैशांकडेही लक्ष द्या. गल्ल्यातली तूट, हरवलेला फोन, युनिफॉर्म यांपोटी कापलेल्या रकमेने तुमचे किमान वेतन किंवा ओव्हरटाइम खाल्ला जाऊ नये, एवढे फेडरल कायदा सांगतो. काही राज्ये याहून कडक आहेत. गिऱ्हाइकाने माल परत केला म्हणून कमिशन परत घेणे, म्हणजे चार्जबॅक, चालू शकते. पण त्याची अट करारात आधी लिहिलेली हवी. ती ओळ नसेल तर विचारा.

आणि ‘१०९९’, म्हणजे कंत्राटदाराला मिळणारा कराचा फॉर्म. तुम्हाला कंत्राटदार म्हणून दाखवले, पण वेळ मालक ठरवतो, जागा मालकाची, किंमत मालकाची, दुसरीकडे काम करायला मनाई, तर नुसता कागद बदलून तुम्ही कंत्राटदार होत नाही. यात दुहेरी फटका असतो: ओव्हरटाइम बुडतोच, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटाही तुमच्याच खिशातून जातो.

राज्य बदलले की हिशेब बदलतो

दोन कायदे एकाच वेळी लागू असतात, फेडरल आणि राज्याचा. तुम्हाला ज्यातून जास्त मिळेल तो लागू. टेक्सासमध्ये किमान वेतन फेडरलइतकेच आहे, म्हणून वरचा हिशेब जसाच्या तसा धरा.

कॅलिफोर्नियात सूट मिळवायला कमाई राज्याच्या किमान वेतनाच्या दीडपटीहून जास्त हवी. २०२६ चे किमान वेतन १६.९० डॉलर, म्हणजे तासाला २५.३५ च्या वर. फेडरल मर्यादेच्या दुपटीहून अधिक. शिवाय २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पीबॉडी विरुद्ध टाइम वॉर्नर केबल खटल्यात सांगितले की एका पगाराच्या काळात दिलेले कमिशन मागच्या काळांत पसरवून ही अट पूर्ण झाली असे दाखवता येणार नाही. महिन्यातून एकदाच कमिशन देणाऱ्या मालकांची अडचण इथे होते आणि तुमचा फायदा. तिथे दिवसाला आठ तासांवरही ओव्हरटाइम आहे. आउटसाइड सेल्स म्हणायला निम्म्याहून जास्त वेळ बाहेर विक्रीत गेलेला असावा लागतो. कमिशनचा करार लेखी हवा आणि सही केलेली प्रत तुम्हाला मिळायला हवी. न्यूयॉर्कमध्येही कमिशनवरच्या सेल्समनशी लेखी करार सक्तीचा आहे.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कचा मोठा फायदा मुदतीचा: राज्याच्या कायद्याने सहा वर्षे मागचे मागता येते. फेडरल कायद्यात दोन वर्षे, मालकाने जाणूनबुजून केले असेल तर तीन. कॅलिफोर्नियात तीन, काही दाव्यांत चार.

कुठे जायचे, काय न्यायचे, किती खर्च

आधी कागद. ऑफर लेटर, कमिशन प्लॅन आणि त्याच्या बदललेल्या आवृत्त्या, सगळ्या पे-स्टब, कमिशनचे तक्ते, शिफ्टचे वेळापत्रक, मॅनेजरचे व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेज, तुमची स्वतःची तासांची वही. वही नसेल तर आजपासून सुरू करा: तारीख, आलो, गेलो, जेवणाची सुट्टी. मालकाने नोंदी ठेवल्याच नसतील, तर तुमचा प्रामाणिक अंदाज न्यायालये विचारात घेतात. १९४६ च्या माउंट क्लेमेन्स पॉटरी निकालापासून हे चालत आले आहे. एक सावधगिरी: गिऱ्हाइकांच्या याद्या, किमतींची पत्रके, कंपनीच्या फाइली घरी पाठवू नका. स्वतःचे कागद पुरतात, आणि कंपनीचे घेतले की भांडणाचा विषयच बदलतो.

फेडरल तक्रार कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे. फोन १-८६६-४८७-९२४३. शुल्क शून्य. दुभाषी मागा, त्याचेही पैसे नाहीत. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवतात. व्हिसा कोणता आहे यावर ओव्हरटाइमचा हक्क अवलंबून नाही. तक्रार केली म्हणून काढणे, तास कापणे, इमिग्रेशनची धमकी देणे बेकायदा आहे, आणि तोंडी तक्रारीलाही हे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. राज्याच्या कामगार खात्याकडे तक्रार करायलाही पैसे लागत नाहीत. ‘फॉर्म भरून देतो, तीनशे डॉलर द्या’ म्हणणाऱ्या सल्लागाराला पैसे देऊ नका.

मोफत मार्गात तीन खाचा आहेत, त्या नीट समजून घ्या. एक, खात्याकडे तक्रार केल्याने मुदतीचे घड्याळ थांबत नाही. दावा न्यायालयात दाखल होईपर्यंत जुने आठवडे एकेक करून बाद होत राहतात. चौकशी वर्षभर चालली, तर वर्षभराचे पैसे हातचे जाऊ शकतात. दोन, कायद्यात बुडवलेल्या रकमेइतकीच आणखी भरपाई आहे, म्हणजे दुप्पट. पण जून २०२५ पासून खाते न्यायालयाबाहेरच्या तडजोडीत ती जादा भरपाई मागत नाही. ती हवी असेल, तर स्वतः दावा करावा लागतो. तीन, खात्याच्या देखरेखीखाली पैसे घेताना जो फॉर्म येतो, डब्ल्यूएच-५८, त्यावर सही करून पूर्ण रक्कम घेतलीत की त्या काळासाठी स्वतः दावा करायचा हक्क संपतो. रक्कम बरोबर आहे का ते वरच्या हिशेबाने तपासूनच सही करा.

वकिलाचा मार्ग वाटतो तेवढा महाग नाही. तुम्ही जिंकलात तर वकिलाची वाजवी फी मालकाने द्यायची, असे कायदाच सांगतो. म्हणून बरेच वकील आधी पैसे घेत नाहीत. वसुलीतून साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के घेतात. भेटण्याआधी तीन प्रश्न विचारा: पहिली भेट मोफत का, हरलो तर न्यायालयाचा खर्च कुणाचा, आणि मालकाकडून फी मिळाली तर माझ्या हिश्श्यातून पुन्हा कापणार का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फेडरल न्यायालयात दावा दाखल करायचे शुल्क ४०५ डॉलर. ऑफर लेटरमध्ये ‘आर्बिट्रेशन’ शब्द असेल, तर प्रकरण न्यायालयाऐवजी लवादाकडे जाईल आणि सहकाऱ्यांसोबत एकत्र दावा करणे बहुधा बंद होईल. सरकारी तक्रार मात्र तरीही करता येते.

कराचेही बघून घ्या. २०२५ ते २०२८ या चार वर्षांत ओव्हरटाइमवर फेडरल आयकरात वजावट आहे: एकट्याला वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत, एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला २५,००० पर्यंत. उत्पन्न दीड लाखाच्या वर गेले, जोडप्याचे तीन लाखांच्या, की वजावट घटते. ती फक्त ‘अर्ध्या’ भागावर मिळते, दीडपटीतल्या वरच्या भागावर, आणि फेडरल कायद्याने द्यावाच लागणाऱ्या ओव्हरटाइमवर. एक्झेम्प्ट माणसाला मालकाने खुशीने जास्त पैसे दिले, तर त्यावर ती नाही. कॅलिफोर्नियात आठवडा चाळिसाच्या आत असताना आठ तासांवर मिळालेल्या पैशांवरही नाही. टॅक्स भरणाऱ्याला हे आवर्जून सांगा, कारण सोपे पडते म्हणून सगळी रक्कम टाकणारे असतात आणि नोटीस तुम्हाला येते.

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर किंवा आणखी कुठे तुमचे स्वतःचे दुकान असेल, तर हेच नियम दुसऱ्या बाजूने वाचा. ‘आमचे छोटे दुकान आहे’ हा बचाव क्वचितच टिकतो. वर्षाची उलाढाल पाच लाख डॉलर असली की कायदा लागू, आणि त्याखालीही कार्ड स्वाइप करणारा, परराज्यात माल पाठवणारा कर्मचारी स्वतंत्रपणे त्यात येऊ शकतो. गावाकडच्या पोराला आसरा दिला म्हणून त्याचे तास मोजायचे नाहीत, असे होत नाही. दर तिमाहीला निम्म्याचा हिशेब करा, कमी पडला तर फरक लगेच द्या. दुपटीने आणि समोरच्या वकिलाच्या फीसकट देण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

आणि ज्याच्याकडे काम करता तो आपल्याच गावचा, ओळखीचा, अडचणीत मदत केलेला माणूस असेल, तर पहिली पायरी तक्रारीची असण्याची गरज नाही. हिशेबाचा कागद घेऊन समोर बसा, मग लेखी द्या, उत्तरासाठी तारीख ठरवून घ्या. पुष्कळदा पेरोल करणाऱ्याची चूक निघते आणि फरक मिळतो. पण ती तारीख जवळची असू द्या, महिन्या-दोन महिन्यांची नको. फेडरल मुदत दोन वर्षांची आहे, आणि थांबलेल्या प्रत्येक आठवड्यामागे मागचा एक आठवडा कायमचा बाद होतो.